डोक्यातलं धुकं आणि अलिबागची तारीख

पाऊस लागला की महाड-पोलादपूरच्या वाड्यांमध्ये एक तक्रार वाढते. तिला धड नाव नाही. कुणी म्हणतं जीव घाबरा होतो, कुणी म्हणतं छातीत धडधडतं, कुणी म्हणतं, "काही सुचत नाही गं ताई, चुलीवर काय ठेवलंय तेच विसरते." पुरुष माणसं एवढंही बोलत नाहीत. "डोकं जड झालंय" म्हणतात आणि मेडिकलमधून गोळी आणतात. ज्यांनी पावसाळ्यात आंबेनळी घाट चढलाय त्यांना ही अवस्था लगेच कळेल. रस्ता जिथल्या तिथे असतो, पण गाडीच्या पुढचं हातभर दिसत नाही. डोक्यात तसं धुकं भरतं. माणूस वेडा झालेला नसतो, आळशीही नसतो. त्याला पुढचं दिसत नसतं.

हे दोन-चार दिवस झालं आणि गेलं तर सोडून द्या. दोन आठवड्यांहून जास्त रोज होत असेल, झोप, जेवण, काम यांवर परिणाम होत असेल, तर डॉक्टरांना दाखवायचंच. अडचण इथूनच सुरू होते. मनाच्या आजाराचे डॉक्टर आपल्या दारात नाहीत. अलिबागचं जिल्हा रुग्णालय महाडपासून शंभर किलोमीटरच्या आसपास, पोलादपूरहून आणखी लांब. एक दिवसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते, भाताची लावणी असेल तर घरचे निघू देत नाहीत. म्हणून "गणपती झाले की जाऊ" असं ठरतं. हा लेख त्या मधल्या दिवसांसाठी आहे. डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंतचे तीन आठवडे किंवा दोन महिने नुसते वाट बघण्यात घालवू नयेत.

आधी एक गोष्ट मान्य करूया. आपल्या भागातली माणसं उगाच घाबरत नाहीत. २५-२६ जुलै २००५ ला दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन आणि पोलादपुरात कोंढवी इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल एसटी गाड्यांसकट वाहून गेला. २४ ऑगस्ट २०२० ला महाड शहरात तारिक गार्डन ही इमारत पडली, तेव्हा कोरोना चालूच होता. पुढच्याच वर्षी २२ जुलैला तळिये गेलं, ८० हून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली, महाड शहर पाण्याखाली होतं. ज्याच्या घरातलं कुणी गेलं नाही त्यानेही चिखलातून ओळखीची माणसं काढलेली आहेत, नाहीतर पोटमाळ्यावर बसून रात्र काढलेली आहे. ते शरीर विसरत नाही. पत्र्यावर पाऊस जोरात वाजला, ओल्या मातीचा वास आला, वीज गेली, की शरीर आपोआप २०२१ सालात जातं. जुलै महिना जवळ आला की कारण नसताना रडू येणं, चिडचिड होणं, झोप मोडणं हेही त्यातलंच. अशा वेळी "आता इतकी वर्षं झाली, विसर की" असं म्हणणाऱ्या शेजारणीला काही कळत नाही असं मला स्पष्ट वाटतं.

भीती आणि धुकं यांचा संबंध काय? रात्रभर शेतावर डुकरांची राखण करणारा माणूस डोळ्यासमोर आणा. पानाचा आवाज झाला तरी उठतो, बॅटरी मारतो, आरडाओरडा करतो. सकाळी त्याला रेशनचा हिशेब विचारला तर काय सांगेल? चिंतेत मेंदूचं हेच होतं. सगळी शक्ती राखण करण्यात जाते. धोका कुठून येईल याकडे कान लागलेले असतात, त्यामुळे समोरचा माणूस काय बोलला ते डोक्यात शिरतच नाही. शिरलं नाही ते आठवणार कुठून? स्मरणशक्ती गेलेली नसते, लक्ष दुसरीकडे गुंतलेलं असतं. त्यात झोप अर्धवट. राखणदाराला विश्रांती मिळाली की धुकं बऱ्याच अंशी ओसरतं, हे रुग्णाला सांगितलं की त्याचा निम्मा जीव खाली पडतो, कारण "मला आता कायमचं वेड लागणार" ही दुसरी भीती तो मनात घेऊन फिरत असतो.

आधी रक्त तपासा

पण सगळंच मनाचं असतं असं समजू नका. आमच्या नर्सिंगच्या दिवसांत वॉर्डात जे शिकले त्यातलं हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. धडधड, थकवा, विसराळूपणा, चक्कर हे सगळं साध्या शारीरिक कारणानेही होतं आणि त्या तपासण्या अलिबागला न जाता होऊ शकतात.

पहिलं, हिमोग्लोबिन. बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. आपल्या वस्तीत बायकांना रक्त कमी असण्याची इतकी सवय झाली आहे की आठ-नऊ असलं तरी "माझं कायम एवढंच असतं" असं अभिमानाने सांगतात. रक्त कमी म्हणजे मेंदूला प्राणवायू कमी, आणि तो भरून काढायला हृदय जोरात पळतं. तीच धडधड. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्यासोबत आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही.

दुसरं, थायरॉईड. कमी झालं तर सुस्ती, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, वजन वाढणं, डोकं मंद चालणं. जास्त झालं तर हात थरथरणं, घाम, वजन घटणं, धडधड. म्हणजे एकीकडे हुबेहूब धुकं आणि दुसरीकडे हुबेहूब चिंता. टीएसएच नावाच्या एका रक्त तपासणीत कळतं. ही तपासणी करून न घेता वर्षानुवर्षं "टेन्शन आहे" एवढ्यावर राहिलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

मग साखर, रक्तदाब आणि बी-१२. बी-१२ हे जीवनसत्त्व अंडी, मासे, मटण, दूध यांतून मिळतं, पालेभाजीतून नाही. सुकट-बोंबील जेवणात असतील तर चांगलंच. पण मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होऊ शकतं, त्यांनी विचारावं. हातापायांना मुंग्या आणि सोबत विसराळूपणा असेल तर नक्कीच विचारावं. चाळिशी-पन्नाशीत पाळी जाण्याच्या काळात झोप मोडते, अंगातून वाफा निघतात, नावं आठवत नाहीत, हेही डॉक्टरांना सांगायचं असतं, त्यात लाज कसली. बाळंतिणीला असं होत असेल तर थांबूच नका. कोरोना होऊन गेल्यावर काहींना कित्येक महिने हे धुकं राहिलं, तेही सांगा.

एमआयडीसीत काम करणाऱ्यांसाठी वेगळं. महाडच्या केमिकल कंपन्यांत सॉल्व्हंटचा वास रोज घेणाऱ्याला डोकेदुखी, गरगरणं, विसराळूपणा होऊ शकतो. सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं आणि कामावर गेलं की त्रास वाढतो का, हे दोन आठवडे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगा. कंत्राटी कामगार हे सांगायला घाबरतो, मला माहीत आहे. पण डॉक्टरांना सांगितलेलं कंपनीला सांगितलेलं नसतं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, औषधं मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र असो, ग्रामीण रुग्णालय असो की अलिबाग. तेव्हा पैसे नाहीत म्हणून तपासणी राहिली असं होऊ देऊ नका. केंद्रात थायरॉईडचं रक्त घेतात का, नमुना पुढे पाठवतात का, कोणत्या वारी पाठवतात, हे सिस्टरला विचारून मगच जा, म्हणजे खेप फुकट जाणार नाही.

आणि आशाताईबद्दल. तीस वर्षांवरच्या माणसांचा एक फॉर्म ती भरते. त्यात शेवटी दोन प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, आणि उदास किंवा निराश वाटलं का. आशाताई घाईत असते, घरात सासूबाई बसलेल्या असतात, आपण "नाही नाही, बरी आहे" म्हणतो आणि ती पुढच्या घरी जाते. खरं उत्तर द्यायचं असेल तर तिला ओटीवर बाजूला घ्या. तिच्या चिठ्ठीने पुढचं दार उघडतं.

मेडिकलमधली झोपेची गोळी

याबद्दल मी कडक बोलणार आहे. अल्प्राझोलाम किंवा त्या जातीची गोळी चिठ्ठीशिवाय देणं कायद्याने बंद आहे, तरी ओळखीवर मिळते. पहिल्या रात्री छान झोप लागते. काही आठवड्यांत तीच गोळी पुरेनाशी होते, मग दोन लागतात. आणि ही गोळी स्वतःच डोक्यात धुकं करते, म्हाताऱ्या माणसाला रात्री उठताना पाडते. दारूसोबत घेतली तर श्वास मंद होऊन जीव जाऊ शकतो.

ज्यांना कित्येक महिने ही सवय लागली आहे त्यांनी हा लेख वाचून आज रात्रीपासून बंद करू नये. एकदम सोडली तर फिट येऊ शकते. डॉक्टर हळूहळू उतरवतात. दारूचंही तसंच. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली आणि हात थरथरायला लागले, भास व्हायला लागले, तर ती तातडीची केस आहे, दवाखान्यात न्या. "थोडी घेतली की झोप येते" हे अर्धं खरं आहे. झोप येते, पण पहाटे तीनला मोडते आणि दुसऱ्या दिवशी जीव जास्त घाबरतो.

सर्दीच्या काही गोळ्यांनीही दिवसभर गुंगी राहते. आणि मिश्री. रात्री जाग आली की पहिलं मिश्रीच्या डबीकडे हात जातो. तंबाखूने धडधड वाढते, झोप उडते. सोडा म्हटलं की आमच्या मावश्या हसतात. निदान संध्याकाळनंतर नको, एवढं तरी ऐका.

मधले दिवस

एक दोनशे पानी वही घ्या. रोज चार ओळी: किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, घाबरं कधी झालं, तेव्हा काय चाललं होतं. लिहिता येत नसेल तर शाळेतली नात लिहील. ही वही डॉक्टरांना तर उपयोगी पडतेच, पण धुक्यात ज्याला आठवत नाही त्याचा आधारही तीच. त्याच वहीत रोजची कामं लिहा आणि गॅस बंद केला, गोळी घेतली, कोंबड्या कोंडल्या, असं करून खूण करत जा. एका वेळी एकच काम. मोठा निर्णय, जमिनीचे कागद, कर्जाची सही, नोकरी सोडणं, हे धुकं असताना करू नका. कुणी घाई करत असेल तर त्याला सांगा, मुलगा मुंबईहून आल्यावर बघू.

सकाळी उठायची वेळ रोज तीच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. दिवसा झोप आलीच तर अर्ध्या तासाच्या आत उठा. अंधारलेल्या पावसाळी दिवसात घरात पडून राहिलं की धुकं दाट होतं, म्हणून उघडीप मिळाली की बाहेर पडा, विहारापर्यंत जाऊन या.

घाबरण्याचा झटका आला, तळहात गार पडले, बोटांना मुंग्या आल्या, आता मरणार असं वाटलं, तर बसा आणि पाय जमिनीला टेकवा. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, सहा आकडे मोजत बाहेर. बाहेरचा श्वास लांब ठेवायचा, हे विसरू नका. जोरजोरात श्वास घेतल्यानेच मुंग्या आणि चक्कर वाढते. मग समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या: मडकं, सुपली, बाबासाहेबांचा फोटो, छत्री, दार. झटका बहुधा दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि अर्ध्या तासात ओसरतो. शेजारी बसलेल्याने "काही नाही झालं" म्हणण्यापेक्षा सोबत आकडे मोजावेत.

आनापानाची सवय असणाऱ्यांना हे सोपं जातं. पण एक सावधगिरी. असा माणूस घरात असला की नातेवाईक सांगतात, दहा दिवसांच्या शिबिराला पाठवा, एकदम बरा होईल. उपचार सुरू होण्यापूर्वी, डॉक्टरांना न विचारता, घाबरलेल्या माणसाला दहा दिवस मौनात बसवू नका. काहींची भीती त्यात वाढते. शिबिराच्या अर्जातही मानसिक त्रास आणि चालू औषधं विचारलेली असतात, ती लपवू नका. घरच्या घरी दहा मिनिटं, डोळे उघडे ठेवून, पुरे. भीती वाढली तर उठून चाला.

आषाढी पौर्णिमेपासून आपल्या विहारांत वर्षावासाचं वाचन असतं. रात्री जेवणं उरकून बाया-माणसं जमतात. म्हणजे ज्या महिन्यांत भीती जास्त, त्याच महिन्यांत वस्ती एकत्र बसते. याचा उपयोग करून घ्या. वाचन झाल्यावर दहा मिनिटं "कुणाला झोप येत नाही" एवढं विचारायला बौद्धाचार्य किंवा महिला मंडळाच्या ताईंना काय हरकत आहे? पहिल्या दिवशी कुणी बोलणार नाही. एक बोलली की चार बोलतात. मात्र तिथे ऐकलेलं नळावर जाता कामा नये.

दरडीखालच्या वाडीतल्या माणसाला "घाबरू नकोस" म्हणणं मला खोटं वाटतं. डोंगर खरा आहे. तिथे उपाय वेगळा. कुठल्या घरातलं कोण म्हातारीला उचलेल, कुठे जायचं, पिशवीत काय (कागद, औषधं, बॅटरी, वही), हे जूनमध्येच ठरवा आणि भिंतीवर लावा. जमिनीला नवी भेग, झाड किंवा विजेचा खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा आटणं, डोंगरातून घरघर आवाज, यातलं काही दिसलं तर रात्र असो की दिवस, बाहेर पडा आणि १०७७ वर जिल्हा आपत्ती कक्षाला कळवा. यातलं काही नसेल आणि तरी झोप लागत नसेल तेव्हा मनाला सांगायला काहीतरी हातात राहतं: भेग बघितली, झरा बघितला, पिशवी दाराशी आहे. आणि तळियेचे, इर्शाळवाडीचे जुने व्हिडिओ पावसाळ्यात ग्रुपवर फिरवू नका. मुंबईकर मुलांनाही हे सांगा.

हे थांबत नाही

छातीत दाब येऊन डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, फिट, डोक्याला मार लागल्यावरची गुंगी, आणि तापात असंबद्ध बोलणं. भातशेतीच्या दिवसांत ताप आणि असंबद्ध बडबड म्हणजे लेप्टोसुद्धा असू शकतो. १०८ ला फोन करा. हे धुकं वेगळं आणि यात तास मोजले जातात.

जगण्यात अर्थ नाही, मी नसले तर बरं होईल, असं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका. "मरायचे विचार येतात का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरातलं कीटकनाशक आणि गोळ्यांचा डबा शेजाऱ्याकडे ठेवा. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात. प्रयत्न केलेल्या माणसाला दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल म्हणून घरीच मीठपाणी पाजत बसू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं, शिक्षेसाठी त्याच्यामागे लागत नाहीत.

नुसती चिंता आणि धुकं असलं तरी १४४१६ वर बोलता येतं. अलिबागच्या तारखेपर्यंत हा एक धागा हातात असू द्या. घरात नेटवर्क नसेल तर जिथे रेंज येते तिथे सोबतीला कुणाला तरी घेऊन जा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं महाड किंवा पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी येतात तेही विचारून घ्या. जवळच्या आरोग्य मंदिरात ई-संजीवनीवरून तज्ज्ञाशी बोलणं जमलं तर अलिबागची खेपही वाचेल.

जायच्या दिवशी वही, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू असलेली प्रत्येक गोळी पाकिटासकट न्या, भगताने किंवा वैद्याने दिलेली पुडीसुद्धा. डॉक्टरांसमोर आपली माणसं दबतात. कधीतरी कुणीतरी झिडकारलेलं असतं, ते आत बसलेलं असतं. म्हणून सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून तेच वाचून दाखवा. घरच्यांसमोर बोलायचं नसेल तर "मला एकटीला बोलायचंय" असं म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, आणि सांगितलेलं गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

चिंतेवरच्या औषधांना गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी जास्त बेचैनी होऊ शकते. तिथेच बहुतेक जण गोळ्या कौलावर फेकतात आणि "सरकारी औषधाने वाढलं" म्हणतात. बेचैनी सहन होत नसेल तर फोन करून विचारा, मनाने बंद करू नका, आणि बरं वाटू लागल्यावरही मनाने बंद करू नका. निघण्यापूर्वी पुढची तारीख लिहून घ्या, गोळ्या तोपर्यंत पुरतात का ते तिथल्या तिथे मोजा, आणि पावसाळा असेल तर आठवडाभराच्या जास्तीच्या मागून घ्या. दरड आली आणि रस्ता बंद झाला तर त्याच कामी येतात.